आमच्या नाक्यावरचा आवाज

जुलै महिना आला, की आम्हा पूर्व उपनगरांतल्या माणसांना पावसाबरोबर तीन तारखा आठवतात. ११ जुलै, १५ जुलै आणि १८ जुलै. ११ तारखेला आम्ही घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातल्या शहीद भीमसैनिकांना अभिवादन करतो. १८ तारखेला साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांचा स्मृतिदिन असतो. फोटोला हार पडतो, भाषणे होतात. मधली १५ तारीख मात्र आमच्या कितीतरी घरांत कोरीच जाते. त्या दिवशी, सन १९९७ मध्ये, शाहीर विलास घोगरे आपल्यातून गेले. त्यांच्यासाठी चार ओळी लिहाव्यात आणि आपल्या मुलाबाळांना हा माणूस कोण होता ते सांगावे, एवढ्यासाठीच हा लेख.

आजच्या मुलांना ‘नाक्यावरचे गाणे’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागते. गाणे म्हटले की त्यांना मोबाईल आठवतो, फार तर जयंतीचा डीजे आठवतो. आमच्या लहानपणी गाणे पायी चालत वस्तीत यायचे. संध्याकाळी नळाचे पाणी गेले, दुसऱ्या पाळीची माणसे कामावर गेली आणि पहिल्या पाळीची परत आली, की कोणीतरी ओरडायचे, ‘शाहीर आले!’ मग काय, जिथे तीन गल्ल्या मिळतात तिथे पाच मिनिटांत माणसांचे रिंगण उभे राहायचे. मंच नाही, पडदा नाही, तिकीट नाही. कोणाच्या तरी झोपडीतून वायर ओढून एक बल्ब लटकवायचा. वीज गेली तर कंदील होताच. एकाच्या हातात डफ, दुसऱ्याकडे ढोलकी, तिसऱ्याकडे तुणतुणे, आणि मागे झील धरायला दोघेतिघे. डफावर पहिली थाप पडली, की स्टोव्हवर भात ठेवलेल्या आमच्या आया पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहायच्या. पोरे हातगाडीवर चढायची. म्हातारी माणसे गोणपाट घेऊन पुढे बसायची. दारूच्या गुत्त्याकडे निघालेला एखादा माणूसही तिथेच थबकायचा. त्या संध्याकाळी तरी त्याचा पगार घरी पोहोचायचा!

गाणे संपले की झोळी फिरायची. कोणी चार आणे टाकी, कोणी रुपया. ज्याच्याकडे काहीच नसे तो म्हणे, ‘शाहीर, जेवूनच जा.’ मग एका घरची भाकरी, दुसऱ्या घरचे कालवण, तिसऱ्या घरचा कांदा असे ताट तयार व्हायचे. आमच्या वस्तीने शाहिराला दिलेली बिदागी ती एवढीच. पण शाहिराने आम्हाला काय दिले? ज्या गोष्टी आमचे आईबाप बोलू शकत नव्हते, त्या त्यांच्या तोंडात दिल्या. मुकादमाची शिवी, म्युनिसिपालिटीचा हातोडा, गावाकडून येताना सोसलेला अपमान, हे सारे आमच्या घरात मुके होते. ते गाण्यातून बाहेर पडले, तेव्हा आम्हाला कळले की हे आमच्या एकट्याच्या घरातले दुःख नाही. शेजारच्या घरातही तेच आहे. पलीकडच्या गल्लीतही तेच आहे.

ही रीत काही एका दिवसात पडली नाही. बाबासाहेबांच्या हयातीतच, १९३० च्या दशकात, नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा बाज त्यांनी ठेवला, पण त्यातला जुना गण आणि गौळण यांची जागा समतेच्या विचाराने घेतली. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत चळवळ या जलशांनी नेली. पुढे वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ मध्ये जन्मलेल्या या माणसाला तरुण वयापर्यंत अक्षरओळख नव्हती. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते अक्षरे शिकले आणि त्याच माणसाने हजारो गीते लिहिली. २००४ मध्ये ते गेले. आज एकही भीमजयंती त्यांच्या शब्दांवाचून साजरी होत नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे तर घराघरांत आहेत. विठ्ठल उमपांनी २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच अखेरचा श्वास घेतला. शाहिराला याहून मोठे भाग्य कोणते?

या मोठ्या घराण्याची दुसरी एक फांदी मुंबईच्या गिरणगावात आणि झोपडपट्टीत वाढली. तिचा झेंडा लाल होता. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लालबावटा कलापथक काढले. वाटेगावहून आईबापांबरोबर पायी चालत मुंबईला आलेले अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत कितीतरी वर्षे राहिले. त्या झोपडीतूनच त्यांचे साहित्य जगभर गेले. अण्णाभाऊंचा झेंडा लाल असला तरी बाबासाहेबांवरचे त्यांचे गीत आजही निळ्या झेंड्याखाली तितक्याच आवेशाने म्हटले जाते. म्हणजे आपल्या लोकांच्या गळ्याने लाल आणि निळा असा भेद फारसा केलेला नाही. भेद केला तो पुढाऱ्यांनी.

शाहीर विलास घोगरे याच फांदीवरचे. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे, आव्हान नाट्यमंचात गाणारे. हा मंच डाव्या विचारांच्या तरुणांचा. संभाजी भगतांसारखे शाहीरही त्याच मंचाने घडवले. गिरणीच्या दारात, मोर्चात, नाक्यावर, वस्तीच्या पटांगणात हे लोक गात. त्या वर्षांत मुंबईत काय चालले होते, ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप कधी मागे घेतला गेला नाही आणि कामगार कधी पूर्वीसारखा उभा राहिला नाही. ज्या घरात महिन्याच्या सात तारखेला जिलेबी यायची, त्या घरातली भांडी मोडीत गेली. दुसरीकडे १९८१ पासून फुटपाथवरच्या आणि नाल्याकाठच्या झोपड्या पाडण्याचा सपाटा चालू होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयाने मान्य केले, की माणसाच्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. आमच्यासाठी ते शब्द फार मोठे होते. बाबासाहेबांच्या संविधानातले एक कलम फुटपाथवरच्या माणसापर्यंत खाली उतरून आले होते. पण झोपड्या हटवण्याची मुभाही त्याच निकालाने दिली. हक्क कागदावर राहिला आणि हातोडा दारात आला.

या हातोड्याची कहाणी आनंद पटवर्धन यांनी ‘हमारा शहर’ या माहितीपटात १९८५ मध्ये सांगितली. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तो पाहून बाहेर पडलेला माणूस पुरस्कार विसरतो, त्यातला एक आवाज विसरत नाही. तो आवाज विलास घोगरे यांचा. पटवर्धनांचा कॅमेरा गगनचुंबी इमारती दाखवतो, मोडलेल्या झोपड्या दाखवतो, साहेब लोकांची मते ऐकवतो, आणि मध्येच या शाहिराचे गाणे येते. गाणे हिंदीत आहे, कारण मुंबईच्या झोपडपट्टीची भाषा एक नाही. तिथे मराठवाड्याचा दुष्काळग्रस्त आहे, तमिळनाडूचा आहे, उत्तर प्रदेशचाही आहे. सगळ्यांना कळेल अशा साध्या भाषेत, गोष्ट सांगावी तसे ते गातात. आवाजात रडगाणे नाही, उगाच चढवलेला सूर नाही. शब्द नीट ऐकू यावा, एवढीच काळजी. आमचे शेजारी, आमचे काका, आमचे वडील गातील तसा तो आवाज आहे. खर्जातला, राबलेल्या माणसाचा, पण ताठ. तो ऐकला की वाटते, हा माणूस आपल्याबद्दल गात नाही, आपल्यातूनच गातो आहे.

आम्ही सिनेमाच्या पडद्यावर आमच्यासारखी माणसे फारशी पाहिली नव्हती. पाहिली ती गुंड म्हणून, मोलकरीण म्हणून किंवा दयेचे पात्र म्हणून. इथे पहिल्यांदा झोपडीत राहणारा माणूस शहराला प्रश्न विचारताना दिसला. ज्यांनी हे शहर बांधले, त्यांनाच या शहरात जागा नाही, हे कोणते गणित? विलास घोगरे यांनी हा प्रश्न गाण्यातून विचारला आणि चाळीस वर्षे होत आली तरी त्याचे उत्तर या शहराने दिलेले नाही.

मग १९९७ साल उजाडले. ११ जुलैची सकाळ. रमाबाई नगराच्या तोंडाशी, पूर्व द्रुतगती महामार्गालगत, बाबासाहेबांचा पुतळा आहे. रात्रीतून कोणा नराधमाने त्याला चपलांचा हार घातला होता. माणसे कामाला निघाली, त्यांनी ते पाहिले आणि वस्ती रस्त्यावर आली. महामार्ग अडला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळ्या झाडल्या. १० जण ठार झाले, अनेक जखमी झाले. मृतांत मुलगेही होते. गोळ्या आतल्या गल्लीत, घरांच्या दारापर्यंत आल्या. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार समर्थनीय नसल्याचा निष्कर्ष काढला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे त्याला जामीनही मिळाला. ज्या मातांची मुले गेली, त्यांना कोणते न्यायालय जामीन देणार होते?

गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरी स्वतःचे जीवन संपवले. अनेक वर्षे लाल झेंड्याखाली गाणाऱ्या या माणसाने त्या दिवशी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. मागे लिहून ठेवलेल्या शब्दांत आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार होता. ज्या मंचावर ते गायले, त्याच्याशी शेवटच्या काळात त्यांचा दुरावा आला होता. त्यांच्या जाण्यानंतर चर्चा झाल्या. कोणी म्हणाले, ते आमचे होते. कोणी म्हणाले, ते आमचेच होते. आम्हाला त्या वादात पडायचे नाही. आम्हाला एवढेच दिसते, की ज्याच्या गाण्याने हजारो माणसांना आपण एकटे नाही असे वाटले, तो माणूस स्वतःच्या दुःखात एकटा पडला होता.

इथे आपल्या तरुण मुलामुलींशी स्पष्ट बोलले पाहिजे. शाहिरांचे जाणे आम्ही गौरवणार नाही. त्याचा पोवाडा करणार नाही. बाबासाहेबांनी अपमान कमी सोसले का? बडोद्याला राहायला जागा मिळाली नाही म्हणून झाडाखाली बसून रडलेला तो माणूस पुढे संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. भगवान बुद्धांनी दुःख नाकारले नाही, दुःखाचे कारण शोधायला सांगितले. पंचशीलातले पहिलेच शील जीव राखण्याचे आहे आणि त्यात आपला स्वतःचा जीवही येतो. म्हणून कोणाच्याही घरात कोणी गप्प गप्प राहू लागला, जेवणावरून उठू लागला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला डॉक्टरकडे न्या. चळवळीतला माणूस खंबीर असतो, त्याला काय होणार, असे समजू नका. जो सर्वांचे दुःख गातो, त्याच्या काळजावर सर्वांत जास्त भार असतो.

आणि एक प्रश्न आपण सर्वांनी स्वतःला विचारायचा आहे. शाहीर गाऊन गेल्यावर त्याच्या घरी काय शिजते, हे आपण कधी विचारले का? जयंतीला डीजेसाठी वर्गणी जमते. मोठमोठ्या कमानी उभ्या राहतात. त्याच वस्तीत डफ वाजवणारा म्हातारा औषधाला महाग असतो. त्याच्या पत्नीने किती रात्री दाराकडे डोळे लावून काढल्या, किती वेळा त्याच्या वाटणीचे जेवण झाकून ठेवले, हे कोणत्या स्मरणिकेत छापून येते? रमाईने बाबासाहेबांसाठी काय सोसले ते आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. मग आपल्या गल्लीतल्या शाहिराच्या घरातली रमाई आपल्याला का दिसू नये?

पटवर्धनांना ती दिसली असावी. मित्राच्या जाण्यानंतर त्यांनी पुन्हा कॅमेरा उचलला आणि तब्बल १४ वर्षे रमाबाई नगराचा, खटल्याचा आणि आंबेडकरी गाण्यांचा माग काढला. ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून मोठा चित्रपट २०११ मध्ये पूर्ण झाला. विलास घोगरे यांच्यापासून निघालेला तो चित्रपट पुण्याच्या कबीर कला मंचातल्या तरुण गायकांपर्यंत येतो. वस्त्यांत, चाळींत पडदा बांधून तो दाखवला गेला. चित्रपटाच्या नावातच शाहिरांच्या आयुष्याचे दोन शब्द शेजारी शेजारी आले आहेत. जिवंतपणी त्यांना ते शेजारी ठेवता आले असते, तर किती बरे झाले असते!

चित्रपटाने एक आवाज जपला. पण ज्यांच्या दारात कॅमेरा गेला नाही, त्यांचे काय? आमच्या लहानपणी रिंगणात गाणाऱ्या कितीतरी माणसांची नावेही आता आठवत नाहीत. त्यांची गाणी वहीत नव्हती, गळ्यात होती. गळा गेला, गाणे गेले. याउलट जिथे कोणी लिहून घेतले, तिथे काय सापडले ते पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्या आयाबायांनी भीमरायावर रचलेल्या ओव्याही आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या बायका पहाटेच्या अंधारात जात्याशी बसून बाबासाहेबांचे चरित्र गात होत्या! कोणी ऐकायला गेले नसते, तर हे धन पिठाबरोबर उडून गेले असते.

आमच्या ओळखीच्या एका विहारात आता एक साधी रीत सुरू झाली आहे. रविवारच्या वंदनेनंतर एका वयस्कर उपासकाला किंवा उपासिकेला पुढे बसवतात आणि त्यांना आठवेल ते जुने गाणे म्हणायला सांगतात. एक मुलगी मोबाईलवर ते टिपून घेते, दुसरी वहीत उतरवते. गाणे कोणाचे, कधी ऐकले, कोणत्या चालीवर, एवढे विचारतात. सुरुवातीला आजीबाई लाजतात. ‘आता कुठला गळा राहिला?’ म्हणतात. पण एक ओळ आठवली की दुसरी येते, शेजारची तिसरी जोडते आणि बघता बघता सगळे विहार झील धरते. या रीतीला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. प्रत्येक विहारात आणि प्रत्येक घरात हे होऊ शकेल.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या १५ जुलैला निदान एवढे करा. घरातल्या सर्वांनी संध्याकाळी एकत्र बसा. मुलांना विलास घोगरे हे नाव सांगा. ते मुलुंडच्या झोपडपट्टीत राहत होते आणि त्यांचा आवाज दूरदूरच्या लोकांनी ऐकला, हे सांगा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्याचे गाणे विचारा आणि लिहून घ्या. आणि तुमच्या वस्तीत कोणी डफ वाजवणारा, तुणतुणे वाजवणारा अजून हयात असेल, तर त्याचे दार वाजवा. त्याला झेंड्याचा रंग विचारू नका. जेवलात का, एवढे विचारा.

शाहीर कालकथित विलास घोगरे यांना आणि रमाबाई नगराच्या सर्व शहिदांना आमचे विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!